धुराड्याचं नाणं

बाकीच्या केसेस मला आठवाव्या लागतात. ही एक मात्र न बोलावता येऊन बसते. वर्तमानपत्रात सोन्याच्या भावाची बातमी दिसली की येते, सराफाच्या दुकानापुढून जाताना येते. नाव मी कुणाचंच घेणार नाही, पण घडलं ते जसंच्या तसं सांगते.

साल ऐंशीच्या आसपासचं. पिंपरी-चिंचवडच्या कारखाना पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होते. आज रस्ता ओलांडायचा तर नातवंडं माझा दंड धरतात. तेव्हा मी खाकी साडीवर पट्टा आवळून अशी चालायचे, की जणू माझी बदली झाल्याचं ऐकूनच निम्म्या गुन्हेगारांनी गाव सोडलं असेल. त्यांना तसं कुणी कळवलं नव्हतं, हा भाग वेगळा. माझ्या वाट्याला यायची ती हरवलेली पोरं, पळून गेलेल्या मुली आणि नळावरच्या मारामाऱ्या. मला मात्र हवी होती तस्करी, आणि तीही सोन्याची. खुर्चीत बूड टेकवत नसे मी. उठायचं, दारात जायचं, रस्ता बघायचा, परत यायचं. आमचे हवालदार मावळातले, निवृत्तीला टेकलेले. ते एकदा म्हणाले, "बाईसाहेब, बसा जरा. तुमच्या येरझाऱ्यांनी लॉकअपमधल्या माणसाला झोप लागंना झालीय."

खरं तर त्या दिवसांत कुणालाच स्वस्थता नव्हती. सोन्याचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर ओव्हरटाइमच्या आधी भावाची चर्चा. विकावं तर उद्या वाढेल, ठेवावं तर उद्या पडेल. सुवर्ण नियंत्रण कायदा होताच, त्यामुळे घरात काय आहे ते कुणी मोठ्याने बोलत नसे. पण सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असे.

पट्ट्यातल्या एका कंपनीच्या जुन्या मालकाने, कारखाना मार्गी लागल्यावर, सुरुवातीपासूनच्या कामगारांना आठवण म्हणून सोन्याचं एकेक नाणं दिलं होतं. एका बाजूला कारखान्याचं धुराडं, दुसऱ्या बाजूला समई. वस्त्यांमध्ये त्याला धुराड्याचं नाणं म्हणत. बहुतेकांनी सराफाकडून त्याला कडी लावून घेतली आणि बायकोच्या गळ्यात घातलं. पुढे मालक वारला, आणि मुंबईतले नाणी जमवणारे शौकीन धुराड्याचं नाणं शोधत फिरू लागले. त्यांना कडी लावलेलं, घासलेलं चालत नसे. मालकाच्या हातून मिळालं तसंच हवं. म्हणजे ज्यांनी हौस केली त्यांचं नाणं नुसत्या वजनावर जाई, आणि ज्यांनी पेटीत कोंडून ठेवलं त्यांना सोन्याच्या भावावर आणखी वर मिळे. ज्या बायका आयुष्यभर "आमच्या ह्यांना हौस म्हणून नाही" असं कुरकुरल्या होत्या, त्या एकाएकी नवऱ्याचं कौतुक करू लागल्या.

एका सोमवारी एक वयस्क बाई मुलाचा हात धरून ठाण्यात आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा कंपनीच्या खाकी कपड्यांतच होता, आणि त्याची मान वर होत नव्हती.

"लिवा," बाई म्हणाली. "माझ्या सुनंनं माझं नाणं इकलं आन् पेटीत खोटं ठिवलं."

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरगुती दिसतंय. तुम्ही बघा."

सोनं आणि घरगुती! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

म्हातारीचा नवरा भट्टीवर काम करायचा. तो गेल्यावर त्याचं म्हणून घरात राहिलं ते हे नाणं. कडी न लावलेलं. भाव चढला तसं तिने ते चिंचवडच्या सराफाला दाखवलं. त्याने कसोटीवर घासलं आणि म्हणाला, आजी, आत चांदी आहे, वर नुसता सोन्याचा मुलामा. पेटी उघडायची ती सून. हिला डोळ्यांनी दिसत नाही.

"येत्या गुरवारी बैठक हाय," म्हातारी म्हणाली. "कारखाने बंद, समदे पावणे मोकळे. देहूरोडवरनं तिचा भाऊ येनार. त्याच्या हवाली करनार तिला, कायमची."

मुलगा पुटपुटला, "आई, जरा दम धर की."

"तू गप. तुझा बाप भट्टीम्होरं भाजला त्या नाण्यासाठी."

बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा नियम. मी हवालदारांना घेऊन गेले. चाळीतली दोन खोल्यांची जागा, लख्ख. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती. हे सगळं मी पाहिलं, म्हणजे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोक्यापर्यंत ते पोचलं नाही.

सून तिशीच्या आतबाहेरची, कपाळावर टिकली, कमरेला पदर खोचलेला. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, संशयितासमोर काही न बोलता एकटक बघत राहावं, समोरचा अस्वस्थ होऊन आपणच बोलू लागतो. मी बघत राहिले. तीही बघत राहिली. बराच वेळ गेला.

"मॅडम," ती म्हणाली, "डोळ्यांत काय गेलंय का?"

हवालदारांना तेवढ्यात खोकला आला.

मग मी टेबलावर हात आपटायला गेले, तर टेबल नव्हतं. पत्र्याच्या डब्यावर आपटला आणि डाळ सांडली. तिने ती निमूटपणे गोळा केली. नाणं मी विकलं नाही, एवढंच ती म्हणे. पेटी कुणासमोर उघडली? गप्प. घरात परकं कोण आलं होतं? गप्प. खाली मान घालून नुसती डाळ निवडायची. माझ्या लेखी तिथेच निकाल लागला होता. नोकरीच्या त्या वयात गप्प माणूस म्हणजे गुन्हेगार, इतका माझा हिशेब सोपा होता.

पंचनाम्यासाठी मी नाणं हातात घेतलं, खिडकीशी नेलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. धुराड्याच्या विटांच्या खाचांत हळदकुंकू बसलं होतं, जुनं, घट्ट. वा! मी सासूबाईंना समोर बसवलं आणि अगदी कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलले, "आजी, हे नाणं बदललेलंच नाही. किती वर्षांच्या लक्ष्मीपूजनाचं कुंकू यात बसलंय ते बघा. म्हणजे हे तुमच्या घरातलंच जुनं नाणं. तुमच्या यजमानांना कंपनीनेच मुळात खोटं दिलं!"

माझ्या डोळ्यांसमोर तर वर्तमानपत्राचा मथळासुद्धा आला होता.

म्हातारीने कान पुढे केला. मग म्हणाली, "काय बसलंय म्हनालीस?"

"हळदकुंकू."

"आन् ते कुनी लावलं?"

"तुम्हीच. दिवाळीत. सगळेच पुजतात ना लक्ष्मी म्हणून."

"बाई," ती म्हणाली, "आमी देव नदीत सोडले त्याला किती वर्सं झाली ठावं हाय का? दिवाळीला पोरं फटाके उडवत्यात तेवढं उडवत्यात. ह्या घरात नाण्याला कदी कुनी हळद लावली न्हाई, कुकू लावलं न्हाई. भितीवर बघ की जरा."

मी भिंतीवर पाहिलं. दुसऱ्यांदा. माझ्या आईने दर दिवाळीला चांदीचा रुपया दुधाने धुऊन पाटावर ठेवलेला मी जन्मापासून पाहत आले होते. नाणं म्हटलं की कुंकू असायचंच, ते मला डाग वाटलंच नव्हतं. हवालदार हळूच म्हणाले, "बाईसाहेब, कंपनीवर धाड जरा थांबवू या का?"

पण म्हातारीचं डोकं माझ्यापुढे धावलं, आणि भलतीकडे धावलं. ती सुनेकडे वळली. "तुज्या टिकलीचं कुकू. तुजंच बोट. आता बोल!"

सुनेने डाळीचा डबा बाजूला सारला. "आत्या, माझी टिकली चिकटवायची आहे. हळद मी फक्त भाजीत घालते." आणि मग माझ्याकडे बघून, "सांगते. पण आत्या विहारात गेल्या होत्या तेव्हाचं आहे ते, म्हणून बोलत नव्हते."

नाणी विकत घेणारा एक माणूस चाळीत आला होता. लांब बाह्यांची सफारी, चामडी बॅग, छोटा काटा, डोळ्याला लावायचं भिंग. शेजारणींनी आपापली नाणी दाखवली. हिलाही राहवलं नाही. सासूने बजावलं होतं की नाणं पेटीबाहेर काढायचं नाही; हिने काढलं. विकायला नाही, फक्त भाव ऐकायला. त्याने भिंगातून पाहिलं, काट्यावर ठेवलं, म्हणाला, "वहिनी, कडेला घासलंय, मुंबईवाले घेणार नाहीत," आणि परत दिलं. हिने फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. उघडून पाहिलं नाही.

"गोष्ट चांगली रचलीस," म्हातारी म्हणाली.

मला मात्र आता बसवत नव्हतं. खोटं नाणं करणारा माणूस असा हवा, की ज्याला प्रत्येक घरात नाण्याची पूजा होते असं वाटतं. म्हणजे माझ्यासारखा. हे घर सोडून त्याने ते दुसऱ्या कुठल्याही घरात ठेवलं असतं, तर कुणाला कधी शंका आली नसती.

गुरुवार जवळ येत होता. मी जेवायला बसले की उठायचे, उठले की कुठे जावं कळायचं नाही. खबर काढली ती हवालदारांनी. चिंचवड स्टेशनबाहेरच्या पानवाल्याशी त्यांची जुनी ओळख. तसा माणूस लोणावळ्याकडून लोकलने उतरतो, मसाला पान लावून घेतो आणि रिक्षाने वस्त्यांकडे जातो. गुरुवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, कधीच येत नाही. पुरुषमंडळी पहिल्या शिफ्टला गेलेली असताना येतो. "कालच इचारत होता," पानवाल्याने सांगितलं, "की कासारवाडीच्या बाजूला कुनाकडं धुराडं हाय का."

साहेबांनी सापळ्याला परवानगी दिली. कंपनीच्या कचेरीत मखमली डबीत एक नाणं शिल्लक होतं, ते लेखी पोच देऊन घेतलं. कोरं, कुणाचा हात न लागलेलं. कासारवाडीत एका कामगाराची खोली मिळाली. पानवाल्यामार्फत निरोप गेला, की तिथे एका म्हातारीकडे बिनकडीचं नाणं आहे. आता प्रश्न, ती म्हातारी आणायची कुठून?

म्हातारी स्वतःच म्हणाली, "मी बसते. मला त्यानं पाहिलं न्हाई." मी कौतुकाने काही बोलणार, तेवढ्यात पुढे म्हणाली, "बघू तरी, असा कुनी नाणेवाला हाय का नुसता तिच्या तोंडात हाय."

बुधवारी दुपारी आम्ही सापळा लावला. हवालदार आणि दोन पंच आतल्या खोलीत. मी म्हातारीची सून. हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. आरशात मला वाटलं, काय बेमालूम झालंय. नाणेवाला दारात आला आणि मी सवयीने सावधानमध्ये उभी राहिले.

"ही कोण, मावशी?"

"सून. नवी हाय. जरा बावळट हाय कामाला," म्हातारी म्हणाली. "ए, बघत काय उभी ऱ्हायलीस खांबावानी? च्या टाक."

मला चहा धड येत नव्हता. स्टोव्ह भडकला. नाणेवाला गोड हसून म्हणाला, "होईल हळूहळू तयार."

"कशाची होतीया! आईनं काय शिकवून पाठवलंच न्हाई."

हे नाटक होतं, मला ठाऊक होतं, तरी कानशिलं तापली. स्टोव्हशी पाठमोरी उभी असताना मला पहिल्यांदा कळलं, की कुणीतरी आपल्याला असं तिऱ्हाइतासमोर बोलतं तेव्हा खाली मान घालून डाळ का निवडावीशी वाटते.

नाणेवाल्याने भिंग लावलं, काटा काढला. भाव कसे चढले, मुंबईचे शौकीन कसे लहरी झालेत, सगळं सांगत होता, आणि हात चालू होते. त्याचं बोलणं इतकं गोड की मी हातांकडे बघायचं विसरले. मग त्याने सुस्कारा सोडला. "मावशी, कडेला घासलंय हो. नाही घेणार कुणी. जपून ठेवा." आणि नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.

मी चहात साखर टाकत होते. बदललं का, कधी बदललं, मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

म्हातारीने तळहात मिटला नाही. अंगठा ती नाण्यावर घासत राहिली. धुराड्यावर, विटांवर. मग अंगठा नाकाशी नेला. वास घेतला. आणि तो अंगठा तिने माझ्या दिशेने वर धरला. टोकाला तांबडं-पिवळं लागलेलं होतं.

"खरं बोलली ती," म्हातारी म्हणाली. एवढंच. ओरडून नाही. "माझी सून खरं बोलली."

नाणेवाला बॅग उचलायला वाकला तोवर हवालदार दारात उभे होते.

बॅगेच्या अस्तरात आणखी तशीच नाणी मिळाली, एकूणएक हळदकुंकू लावलेली. कंपनीचं कोरं नाणं त्याच्या सफारीच्या बाहीत. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला. ठाण्यात मी त्याच्यापुढे परत ते एकटक बघण्याचं सुरू केलं, तेव्हा हवालदारांनी माझ्या हातात फाइल दिली आणि स्वतः त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"तंबाखू खाता का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "हळदीचं तेवढं समजलं न्हाई बुवा."

त्या एका प्रश्नाने माणूस मोकळा झाला. बहुधा आपल्या कारागिरीबद्दल कुणीतरी विचारावं, याचीच वाट बघत असावा. मुलामा बारीक खाचांत नीट बसत नव्हता, आतली चांदी पांढरी दिसायची. हळदकुंकू भरलं की झाकलं जायचं आणि नाणं जुनंही वाटायचं. "घरोघरी पुजतातच की," तो म्हणाला. "समोर आलेलं कोरं आहे की माखलेलं, हे कोण बघतं? हात आपला चालतो."

पहिली काही वर्षं त्याने धंदा सरळ केला होता. गावोगावची आठवणीची नाणी घ्यायची, शौकिनांना विकायची. मग भाव धावत सुटला. शौकीन सकाळी एक शब्द द्यायचा, संध्याकाळी फिरवायचा. घरोघरच्या बायका म्हणायच्या, उद्या या, उद्या आणखी वाढेल. "माल मिळेना आणि गिऱ्हाईक टिकेना. डोकं फिरायची वेळ आली हो. मग हे सुरू केलं."

"भट्टीवाल्याच्या घरातलं नाणं कुठाय?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं. "बाई, आता शौकिनाची वाट कोण बघतो? त्याच दिवशी मुशीत घातलं. कुणाच्या तरी बांगडीत असेल."

गुरुवारी बैठकीला आम्ही गेलो. खोलीत पाहुणे दाटीवाटीने बसलेले. भाऊ आला होता, बहिणीची बॅग त्याच्या पायाशी. मी कागद काढून वाचायच्या बेतात होते, पण म्हातारीने हात वर केला. "माजं चुकलं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पोरगी निर्दोष हाय. चोर घावलाय. बैठक मोडली. च्या घेऊन जावा."

पाहुणे सैल झाले. मला वाटलं, आता रडारड, गळाभेट, आणि माझे आभार. मी पदर सावरून तयारही होते.

सून जागची हलली नाही. "आत्या, इतकी वर्षं तुमच्या घरात राहिले, तुमच्या हाताला धरून तुम्हाला सगळीकडे नेलं. मी खरं बोलते हे तुम्हाला चोराने सांगितल्यावर कळलं?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली. तिने आपली बॅग आपण उचलली आणि भावापाठोपाठ निघून गेली. चोर सापडला होता, सून निर्दोष ठरली होती, आणि जी गोष्ट टाळायला हा सगळा खटाटोप केला ती डोळ्यांसमोर घडत होती.

साहेबांनी शाबासकी दिली. मी त्या आठवड्यात कुणाशी धड बोलले नाही. मग एका सकाळी म्हातारी मुलाशिवाय, चाचपडत ठाण्यात आली. "देहूरोडला जायाचं हाय," ती म्हणाली. "तू चल. पोराला नेलं तर तोच बोलंल आन् मी गप बसंन." मी रजा टाकली, साधी साडी नेसले आणि गेले.

सुनेच्या माहेरी आम्हाला पाट दिले, पाणी दिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी. म्हातारी पाण्याचा पेला हातात फिरवत बसली. मला बोलायची इतकी घाई झाली होती की मी जीभ दाताखाली धरली.

शेवटी सूनच म्हणाली, "पाणी कोण भरतं?"

"तुजा नवरा. निम्मं जिन्यात सांडतो."

तिने तोंड फिरवलं, पण खांदे हलले ते मला दिसले.

"मी तुला न्यायला आली न्हाई," म्हातारी म्हणाली. "सांगायला आली. तू येशील तवा ये. न्हाई आलीस तरी मी कुनाला दोष देनार न्हाई. आन् आलीस, तर पेटी उघडून काय काडलंस, कुनाला दावलंस, मी इचारनार न्हाई. कदीच."

"विचारा की," सून म्हणाली. "विचारायला काय झालं? विचारलंत तर सांगेन. तुम्ही विचारलंच नव्हतं, आत्या. एकदम ठाण्यात गेलात."

म्हातारीने मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिली.

ती त्या दिवशी आमच्याबरोबर आली नाही. पुढच्या गुरुवारी आली, आपली आपण, लोकलने. हवालदारांनी सांगितलं मला.

पुढे मोठ्या केसेस आल्या. तस्करीसुद्धा आली एकदाची, आणि ती इतकी कंटाळवाणी निघाली की विचारू नका. पण तपास म्हणजे काय हे मी शिकले ते देहूरोडच्या त्या पाटावर. मी त्या मुलीवर डोळे रोखले, डबे आपटले, एका कारखान्यालाही आरोपी करून टाकलं. "घाबरू नकोस, काय झालं ते मला सांग," असं मात्र एकदाही म्हटलं नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत पहिला प्रश्न मी हाच विचारत गेले. उत्तर दर वेळी खरं मिळालं असं नाही. पण समोरच्या माणसाला खरं सांगायची संधी तरी मिळाली, आणि पुष्कळांना ती त्याआधी कुणीच दिलेली नसे.